इथं मोडली होती

माझा धंदा कोणता असं कोणी विचारलं, तर 'सायकलचं दुकान आहे' एवढं सांगून मी मोकळा होतो. पुढचं सांगायला गेलं की अर्धी सकाळ जाते. पुढचं असं, की जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतींच्या गल्लीत बसून मी एकदा मोडलेल्या आणि मग दुरुस्त केलेल्या कार्बनच्या सायकली घेतो आणि विकतो. हे ऐकल्यावर माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग समोर उतरत असलेल्या ज्वारीच्या पोत्यांकडे बघतो आणि मग विचारतो, "कार्बन म्हणजे कोळसाच ना?" या अंकाच्या संपादकांनीही फोनवर हेच विचारलं. त्यांना समजावता समजावता माझा चहा गार झाला, आणि शेवटी ते म्हणाले, "हेच लिहून द्या की." तर देतो. दमलेल्या माणसाने लिहिलंय, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

दुकान वडिलांचं. त्यांच्या काळी सायकली तासाच्या भाड्याने जायच्या. तो इतिहास सांगत बसलो तर अंकात जाहिरातींनाही जागा उरायची नाही. थेट कार्बनवर येतो. कार्बन म्हणजे केसापेक्षा बारीक असे काळे धागे. त्यांचं कापड विणतात, ते चिकट रसायनात भिजवतात, साच्यात घालून कडक करतात. त्यातून सायकलचा सांगाडा तयार होतो. त्याला आम्ही फ्रेम म्हणतो. ती इतकी हलकी असते की पहिल्यांदा हातात घेणारा माणूस हमखास 'प्लास्टिकची आहे का?' असं विचारतो. ही हलकी वस्तू धडधाकट माणसाला घेऊन आमच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांतून जाते आणि तिला काही होत नाही.

पण तिची एक खोड आहे. लोखंड मोडायच्या आधी वाकतं, कुरकुरतं, गंजून तरी दाखवतं. कार्बन काही सांगत नाही. वरून रंग चकाचक आणि आत धागे तुटलेले, असं असू शकतं. त्यामुळे जुनी फ्रेम डोळ्यांनी घेता येत नाही, कानांनी घ्यावी लागते. हातात रुपयाचं नाणं घ्यायचं आणि बोटाबोटाच्या अंतरावर वाजवत जायचं. धड जागी टणटणीत आवाज येतो. आत तुटलेलं असलं की ओल्या लाकडावर मारल्यासारखा 'थप' आवाज येतो. मग त्या जागेवरून सरकी काढलेल्या कापसाचा बोळा फिरवायचा. तुटलेल्या धाग्याचं टोक डोळ्यांना दिसत नाही, पण कापसाला धरतं. आमच्या जिल्ह्यात कापसाला तोटा नाही, म्हणून ही तपासणी फुकट होते. या धंद्यात फुकट होणारी तेवढी एकच गोष्ट आहे.

मोडलेली फ्रेम मी पुण्याला एका कारागिराकडे पाठवतो. तो मोडलेला भाग घासून काढतो, त्यावर नव्या कापडाचे थर देतो आणि दाबाखाली वाळवतो. काम नीट झालं तर ती जागा पहिल्यापेक्षा दणकट होते. बाकी सायकल मोडेल, पण तिथं मोडणार नाही. त्यावर रंग दिला की कुठं काय झालं होतं ते ब्रह्मदेवालाही कळायचं नाही. पण मी रंग देऊ देत नाही. ठिगळ उघडं ठेवायचं, आतली काळी वीण दिसली पाहिजे, हा माझ्या दुकानाचा नियम. गिऱ्हाईक आलं की पहिलं काम त्या ठिगळावर बोट ठेवायचं आणि म्हणायचं, "इथं मोडली होती." किंमत वगैरे सगळं त्यानंतर.

हा नियम धंद्याला मारक आहे, हे मला माहीत आहे. माझी बायको तर म्हणते, मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात आधी तिचं आजारपण सांगितल्यासारखं तुम्ही करता. दहा माणसं येतात, त्यातली बरीचशी 'इथं मोडली होती' ऐकलं की घड्याळ बघतात. तीच माणसं नंतर मोबाइलवर बघून कुठूनतरी जुनी सायकल मागवतात. तिच्यावरही ठिगळ असतं, फक्त रंगाखाली. ती सायकल घेऊन मग माझ्याकडेच येतात, 'जरा वाजवून बघा' म्हणून. मी वाजवून बघतो. काय सांगायचं ते सांगतो. त्यांचे चेहरे बघायचाही आता कंटाळा आला आहे.

या सायकली जालन्यात आल्या कशा, असंही लोक विचारतात. टाळेबंदी उठल्यावर शहरातल्या बऱ्याच बऱ्या घरच्या मंडळींना तब्येतीची आठवण झाली. डॉक्टर, कारखान्यांतले इंजिनिअर, वकील पहाटे हेल्मेट घालून निघायला लागले. महागड्या सायकली आल्या. मग कोणाचे गुडघे बोलायला लागले, कोणाची बदली झाली, कोणी कुत्रं आडवं आल्यामुळे आपटला. सायकली गच्चीवर गेल्या आणि तिथून माझ्याकडे. एक डॉक्टर आपली सायकल विकायला आले तेव्हा त्यांच्या मिसेस बरोबर होत्या. डॉक्टरांचं मन बदलू नये म्हणून पहाऱ्याला. सायकल माझ्याकडे ठेवून गेले. दर शनिवारी डॉक्टर 'सहज' यायचे, सायकल विकली गेली का बघायचे, नाही म्हटलं की तोंड उजळायचं. कोणी गिऱ्हाईक तिच्याजवळ उभं असलं तर हे मागून हळूच म्हणायचे, "हिला ब्रेक जरा कमीच लागतात हां." शेवटी मीच मिसेसना फोन केला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, द्या त्यांना परत, घरात तोंड पाडून बसतात.

दुसरे आमच्याच बाजूचे एक सराफ. त्यांनी दुकानात उभं राहून माझं नाणं वाजवणं ऐकलं, मग माझ्या हातातून नाणं घेतलं आणि डोळे मिटून अख्खी फ्रेम वाजवली. जन्मभर चांदी वाजवून पारखलेला कान. फ्रेम घेतली. चाकं, हँडल काही नको म्हणाले. आज ती त्यांच्या दिवाणखान्यात भिंतीवर टांगलेली आहे आणि पाहुणे आले की ते ती वाजवून दाखवतात. सायकल त्यांना येत नाही.

अशा गमती सांगत बसलं की धंदा मजेचा वाटतो. तो तसा नाही. मुळात मोडकी वस्तू विकणाऱ्या माणसावर कोणाचा विश्वास नसतो. त्या अविश्वासाला रोज सकाळी शटर उघडून सामोरं जायचं म्हणजे माणूस आतून झिजतो. यंदा हा कार्बनचा व्याप बंद करून साध्या शाळकरी सायकलींवर दुकान चालवावं, असं मी ठरवत आणलं होतं. त्याच दिवसांतली ही पुढची हकिगत. खरं म्हणजे हीच सांगायची होती.

अंकुशराव मंठ्याकडच्या एका खेड्यातले. मोसंबीची बाग, थोडा कापूस, स्वतःची पिकअप गाडी. मोंढ्यात, म्हणजे इथल्या घाऊक बाजारात, मोसंबी उतरवून ते रिकामे क्रेट घेऊन परत निघाले होते. बरोबर मुलगी होती, पल्लवी. कॉलेजात पहिल्या वर्षाला. किडकिडीत, उन्हाने रापलेली, आणि पोटऱ्या अशा की मी बघताक्षणी ओळखलं, ही रोज चढ चढते.

"शेठ, पोरीला सायकल पायजे," अंकुशराव म्हणाले. "ती रेसची. हलकी."

"आत्ता कोणती चालवते?"

"कॉलेजातल्या सरांची हाय काका," पल्लवी म्हणाली. "लोखंडाची. चढावर लई मागं वढती. चार महिन्यांनी राज्याच्या संघाची निवड हाय. सर म्हनले, या सायकलीवर जाऊन काही फायदा न्हाई."

तिच्या उंचीच्या दोनच सायकली माझ्याकडे होत्या. त्यातली बरी होती ती काढली. एका इंजिनिअरची. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर ठिगळ होतं. मी नेहमीप्रमाणे बोट ठेवलं. "इथं मोडली होती."

अंकुशरावांनी सायकलवरचा हात काढून घेतला. "मोडलेली?"

"जोडलेली."

"ते येकच झालं की. आमच्यात लेकीला फुटकं भांडं देत न्हाईत शेठ. सासरी धाडताना तर बिलकुल न्हाई."

"अप्पा, मी सासरी चालले का?" पल्लवी म्हणाली. "मी चढ चढाया चालले." मग माझ्याकडे वळून तिने विचारलं, "टिकते का न्हाई तेवढं सांगा काका."

"ठिगळापाशी मोडणार नाही. बाकीचं तू कशी वापरतेस त्यावर."

तिने सायकल गल्लीत नेली, पोत्यांच्या गाड्यांमधून वाट काढत कोपऱ्यापर्यंत जाऊन आली. परत आली तेव्हा तिने हँडल सोडलं नाही. अंकुशरावांनी ते बघितलं आणि त्यांचा विरोध तिथंच संपला. मात्र सायकल घ्यायच्या आधी त्यांनी मला साक्षीला धरलं. "एक सांगतो शेठ, तुमच्या म्होरं सांगतो. हिच्या मायला मी शब्द देलाय. पोरगी सायकलीवरून एकदा जरी पडली, तर सायकल बंद. भाऊबंद आधीच टपून बसलेत. पोरगी चड्डी घालून रस्त्यानं हिंडती म्हनून माझ्या तोंडावर बोलतेत. उद्या हातपाय मोडून घेतला तर मला गावात ऱ्हाता येनार न्हाई."

"न्हाई पडत अप्पा," पल्लवी म्हणाली.

सायकल पिकअपवर, रिकाम्या क्रेटच्या वर ठेवायची ठरली. अंकुशरावांनी दोरी काढली आणि मी पुढे झालो. इथं मला गिऱ्हाइकांना एक गोष्ट नेहमी समजावावी लागते. कार्बनला धक्का चालतो, ताण चालतो, चिमटा चालत नाही. बाजूंनी आवळलं की नळी आत दबते आणि धागे तुटतात. म्हणून मी म्हणालो, "खाली पोतं घाला आणि दोरी सैल ठेवा. हिला आवळलेलं सोसत नाही."

अंकुशराव माझ्याकडे बघून हसले. ओझं कधी न बांधलेल्या माणसाकडे बघून हसावं तसे. "शेठ, माझ्या गाडीवरचं क्रेट आजपोत्तर रस्त्यात पडलं न्हाई. मोंढ्यात कोणालाबी इचारा." तरी माझा मान ठेवून त्यांनी दोरी सैल बांधली. मी हलवून बघितली. गाडी गेली.

साडेतीन महिने काही कळलं नाही. मग एक दिवस दुपारी पिकअप दारात उभी राहिली. अंकुशराव उतरले ते तावातच. मागून पल्लवी सायकल घेऊन आली.

"आवाज येऊन राह्यला काका," ती म्हणाली. "चढावर उभं राहून पायडल मारलं की कटकट वाजती. आधी बारीक होता, आता वाढला."

"वाजनारच," अंकुशराव म्हणाले. "मी पह्यल्याच दिवशी म्हनलं व्हतं. मोडलेली वस्तू ती मोडलेलीच. निवड पंधरा दिवसावर आली शेठ. आता काय करायचं पोरीनं?"

मी नाणं काढलं. आधी ठिगळ वाजवलं, कारण माझाही जीव तिथंच अडकला होता. टणटणीत. दोनदा, तीनदा वाजवलं. मग तिथून पुढे सरकत वरच्या दांडीवर आलो आणि मध्यावर आवाज बसला. थप. कापसाचा बोळा फिरवला. कापूस धरला. दांडी उलटी करून खालच्या बाजूने फिरवला, तिथेही धरला, अगदी समोरासमोर. उजेडात तिरकी करून बघितली तर रंगावर बारीक पीळ उमटलेला दिसत होता. नायलॉनच्या दोरीचा असतो तसा.

"ठिगळ शाबूत आहे अंकुशराव," मी म्हणालो. "ही मोड नवी आहे. दुसरीकडे आहे."

"मंग नवी कुठून आली?"

मी तोंड उघडायच्या आत पल्लवी बोलली. "मी पडले होते अप्पा."

"कवा?" अंकुशरावांनी विचारलं.

"मागल्या महिन्यात. वळणावर खडी व्हती. तुमाला सांगितलं न्हाई."

त्यांचा राग कुठल्या कुठं गेला. पहिलं त्यांनी तिचे हात धरले, उलटेपालटे करून बघितले. "लागलं का कुठं?"

"न्हाई."

त्यांनी तिचे हात सोडले. मग हळू आवाजात म्हणाले, "मंग झालं माय. शब्द हाय माझा. सायकल हितंच ठिवायची." त्यात दरडावणी नव्हती. त्यांनाच बोलणं जड जात होतं. पल्लवीने हातमोजे काढले, काउंटरवर ठेवले, आणि ती दाराकडे तोंड करून उभी राहिली. रडली वगैरे नाही.

ही पोरगी पडलेली नव्हती. पडलेली सायकल कधी लपत नाही. हँडलचं टोक घासतं, पायडलची कड खरवडते, ब्रेकच्या दांडीवर ओरखडा येतो. या सायकलवर एक ओरखडा नव्हता. आणि वळणावर पडून एखादी दांडी दोन्ही अंगांनी समोरासमोर मोडत नाही. ही चिमटीत धरून मोडलेली होती. तिला माहीत होतं, मला माहीत होतं. ज्याने मोडली त्यालाच माहीत नव्हतं, आणि त्याला कळू नये म्हणून ही पोर आपली सायकल सोडून द्यायला तयार झाली होती.

मी इतकी वर्षं कुठं मोडली ते सांगत आलो. कोणी मोडली ते कधी सांगितलं नाही. ते सांगणं माझ्या धंद्यात येत नाही. विकायला आलेल्या सायकलमागे नवरा-बायकोची भांडणं असतात, दारूच्या भानगडी असतात, मुलाने बापाला न विचारता नेलेली असते. मी विचारत नाही आणि सांगत नाही. त्या दिवशीही गप्प बसावं असं फार वाटलं. ठिगळावरचा आळ गेला होता, माझं नाव शाबूत होतं. त्या माणसाने भाऊबंदांची बोलणी खाऊन पोरीला सायकल दिली होती, त्यालाच आता सांगायचं की तुझ्याच हाताने मोडली. मला त्यांची दया आली. पण त्या काउंटरवरच्या हातमोज्यांकडे बघवेना.

"अंकुशराव, ही पडलेली नाही," मी म्हणालो.

"काका, ऱ्हाऊ द्या," पल्लवी न वळताच म्हणाली.

"पडली असती तर इथं घासलं असतं, इथं घासलं असतं. बघा, काही नाही. ही आवळल्याने मोडली आहे. दोरीने."

"दोरीनं?" त्यांनी मान हलवली. "मी तुमच्या म्होरं सैल बांधली व्हती."

"माझ्यासमोर."

पल्लवी दाराबाहेर बघत होती. मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मंठा चौफुलीपाशी लई हालू राह्यली व्हती. पडंल म्हनून गाडी थांबिवली अन् आवळली." आणि लगेच आवाज चढवून, "पन शेठ, जी खड्ड्यात आदळून मोडत न्हाई, ती दोरीनं मोडती? काही बी सांगता का?"

सांगून पटणार नव्हतं. माझ्याकडे मोडीत निघालेल्या फ्रेमा असतात, त्यातली एक मी आणली. तिची वरची दांडी धड होती. नाणं वाजवून त्यांना ऐकवली. म्हणालो, गाडीतली तुमची दोरी आणा, आणि त्या दिवशी चौफुलीवर बांधली तशी बांधा. त्यांनी दोरी आणली. बाकड्याला फ्रेम लावली, दोन वेढे घातले, टोक फासातून ओढून घेतलं, एक पाय बाकड्याला लावला आणि अंग मागं टाकलं. काय बांधत होते! असं सफाईने बांधताना मी कोणाला बघितलेलं नाही. दोरी तारेसारखी ताठ झाली आणि दांडीतून 'कट' असा आवाज आला. फार मोठा नाही. वाळलेली काडी मोडावी एवढाच.

अंकुशराव ताण न सोडता तसेच उभे राहिले. मग हळूहळू दोरी सैल केली आणि स्टुलावर बसले. मी पाणी दिलं. ते त्यांनी हातात धरून ठेवलं.

"तुला ठावं व्हतं?" त्यांनी पल्लवीला विचारलं.

ती वळली. "चौफुलीवरच आवाज आल्ता अप्पा. मला वाटलं, क्रेटचा आसंल. नंतर ध्यानात आलं."

"मंग बोलली कामून न्हाई?"

"तुमी साऱ्या गावाला सांगता, माझं बांधलेलं कधी बिघडलं न्हाई म्हनून." तिने काउंटरवरचे हातमोजे हातात घेतले. "तुमी बांधूनच आनली व्हती ना, मला पायजे म्हनून."

अंकुशरावांनी तोंड फिरवलं आणि गमजाने चेहरा पुसला. मी उगाच पाने-पकडी जागेवर लावत बसलो. अशा वेळी दुकानदाराने काय करायचं असतं ते मला कोणी शिकवलेलं नाही. थोड्या वेळाने त्यांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता माझ्यावर उखडतील. भरल्या दुकानात नाही तरी पोरीसमोर मी त्यांना खाली बघायला लावलं होतं. पण त्यांनी विचारलं, "पंधरा दिवसात पुण्याहून नीट होऊन येती का?"

"नाही येत."

"तुमच्याकडं दुसरी व्हती ना एक? हिच्या मापाची."

"आहे. नुसती फ्रेम. पण तिला दोन ठिकाणी ठिगळं आहेत."

"दावा," ते म्हणाले.

मी ती खाली काढली. पहिल्या ठिगळावर बोट ठेवलं, "इथं मोडली होती." दुसऱ्यावर ठेवलं. त्यांनी माझ्या हातातलं नाणं मागून घेतलं आणि स्वतः वाजवलं, दोन्ही ठिगळं, मग वरची दांडी, टोकापासून टोकापर्यंत, पुन्हा पुन्हा. मी जुन्या सायकलची चाकं, हँडल, गिअर काढून या फ्रेमला चढवले. त्यात संध्याकाळ झाली. पल्लवीने हातमोजे घातले आणि गल्लीत फिरवून आणली. निघताना अंकुशराव सायकल धरून पिकअपपाशी उभे राहिले आणि दोरीकडे बघून म्हणाले, "मंग बांधायची कशी?"

"बांधूच नका," मी म्हणालो. "कोणीतरी धरून बसा."

त्यांनी मोंढ्यात आलेल्या पुतण्याला बोलावून गाडी चालवायला सांगितलं, पल्लवीला पुढे बसवलं, आणि स्वतः मागे रिकाम्या क्रेटमध्ये पाय रोवून, सायकल मांडीवर घेऊन बसले. मंठ्यापर्यंतचा रस्ता मला माहीत आहे. त्या रस्त्याने मागे बसून जाणं म्हणजे हाडं खिळखिळी करून घेणं. मी शटर ओढलं आणि घरी गेलो. त्या रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. मला तसं वाटत नव्हतं. बरं-वाईट काहीच वाटत नव्हतं, फक्त थकवा होता. खरं सांगूनही माणसाला थकवा येतो, हे कोणी सांगत नाही.

निवड पुण्याच्या पलीकडे होती. निकाल मला पल्लवीच्या सरांकडून फोनवर कळला. निवड झाली नाही. चढावर ती पुढच्या घोळक्यात होती, सपाटीवर मागे पडली. सपाटीवर घोळक्यात चालवायचा सराव लागतो, तो खेड्यात एकटीने होत नाही. मी फोन ठेवला आणि मनात म्हणालो, आता सायकल परत येणार. अशा सायकली परत येतातच. लोक येतात, 'आता कोण चालवतंय' म्हणतात आणि भिंतीला टेकवून जातात.

आठवड्याने सकाळी पिकअप आली. पल्लवी पुढे होती. मागे अंकुशराव, धुळीने पांढरे झालेले, भुवयासुद्धा. मांडीवर सायकल. मी पुढे जाऊन म्हणालो, "परत द्यायला आणली का?"

"परत कामून?" ते म्हणाले. "चेन घसरून राह्यली, ती बघा. अन् हिला सपाटीला कोणासंगं चालवायला भेटंल, ते तुमच्या डॉक्टर लोकांना इचारा. दर आयतवारी घिऊन येतो मी."

"निवडीलाही असेच गेलात? मागे बसून? पुण्यापर्यंत?"

"जाताना बी, येताना बी," पल्लवी हसत म्हणाली. "पुढं बसा म्हनलं तर आयकत न्हाईत."

अंकुशराव उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. एका जागी बसून पाय बधिर झाले होते, कोपर सरळ होईना. मी आणि पुतण्याने हात दिला, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं आणि आधी सायकल खाली माझ्याकडे दिली. मी तिला खालून धरलं. त्यांनी वरून सोडलं नाही.

"धरली का बराबर?"

"धरली."

"पक्की?"

मी दुसरा हातही लावला. "धरली अंकुशराव. सोडा आता."

मग त्यांनी सोडली.